खोडदचा एक दिवस, एलओच्या मागे

सकाळी ९. नारायणगावहून खोडदला, आमच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीपाशी, पोचेपर्यंत थंडी ओसरलेली नसते. जानेवारीत इथली पहाट बोचरी आणि दुपार अंगावरचा स्वेटर काढायला लावणारी. हा फरक आमच्या कामात कुठे डोकावतो ते पुढे येईलच. संगणकावर पहिल्यांदा पाहतो तो पहाटे सहाच्या सुमारास घेतलेला ३सी२८६ चा आलेख. हा क्वेसार अब्जावधी प्रकाशवर्षं दूर, म्हणजे आमच्या हिशेबात एक स्थिर बिंदू, फेज ताडून पाहण्याचा कॅलिब्रेटर. त्यावर रोखल्यावर तिसांपैकी प्रत्येक अँटेनाची फेज, म्हणजे लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते, सपाट रेघ दिसली पाहिजे. चौदा अँटेना मधल्या चौकात, बाकी सोळा तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर. चौकातले क्रमांक सी०० ते सी१४, पण त्यात सी०७ नाही. नवीन आलेला प्रत्येक मुलगा ती तबकडी शोधत एकदा तरी फिरतो.

१०. जीएमआरटीच्या दोन टोकांच्या तबकड्यांत २५ किलोमीटरपर्यंत अंतर. ताऱ्याची लहर एकीकडे आधी, दुसरीकडे जास्तीत जास्त ८३ मायक्रोसेकंद उशिरा. त्यात पृथ्वी फिरते, म्हणून १४०० मेगाहर्ट्झला ही फेज सेकंदाला आठ-नऊ पूर्ण फेरे मारू शकते. अमेरिकेच्या व्हीएलए दुर्बिणीत हे फिरणं थांबवायला पूर्वी थेट एलओचीच (लोकल ऑसिलेटर, मिक्सरला दिली जाणारी स्थिर संदर्भ-लहर) फेज फिरवत. इथे ते काम संगणक करतो, सिग्नल अंकांत उतरल्यानंतर. मला विचाराल तर व्हीएलएची ती पद्धत जास्त देखणी होती, पण आमची दुरुस्त करायला सोपी.

११. टेबलावर मिक्सर, आकाशातला सिग्नल एलओशी मिसळून त्याची वारंवारता बदलणारा. पुस्तकात वर्तुळात फुली काढतात आणि बाजूला वारंवारता लिहून मोकळे होतात. फेजचं नाव कुणी काढत नाही. खरं तर मिक्सरमधून निघणाऱ्या सिग्नलच्या फेजमध्ये एलओची फेज जशीच्या तशी उतरते. एलओ दहा अंश सरकला की आउटपुटही दहा अंश सरकतं. एलओ आकाशातल्या सिग्नलच्या वर ठेवला, समजा ३०० ते ५०० च्या पट्ट्यासाठी ५०० मेगाहर्ट्झला, तर सगळा पट्टा उलटा होतो आणि आकाशाच्या फेजचं चिन्हही पालटतं. हे विसरून गणित केलं तर प्रतिमेची डावी-उजवी आणि वर-खाली, दोन्ही अदलाबदल होते.

आज एक केबल बदलायची आहे. एलओ एकाच जागी तयार होऊन वाटला जातो आणि प्रत्येक अँटेनाच्या दोन्ही ध्रुवीकरणांचे मिळून साठ मार्ग होतात. कोॲक्स केबलमध्ये ५०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ४० सेंटिमीटर भरते. म्हणजे एक सेंटिमीटर लांबीला ९ अंश. तंत्रज्ञ काटेकोर माणूस. जुनी केबल टेबलावर सरळ ठेवून तिच्या शेजारी नवी लावतो, टोकं जुळवतो, मग टॉर्क पाना. कनेक्टर हाताने आवळलेला त्याला चालत नाही.

“साहेब, लेव्हल बघा. सातच्या खाली गेलीय.”

या मिक्सरला एलओ ७ डीबीएम लागतो. कमी पडला की डायोड अर्धवट उघडतात आणि लांबी न बदलताही फेज सरकते. ॲटेन्युएटर बदलला. सात पूर्ण.

१९६५ मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी कल्याणला ३२ छोट्या तबकड्या उभारून सूर्याचा वेध घेतला, तिथेही सगळ्यांच्या तारा सारख्या लांबीच्या ठेवाव्या लागल्या होत्या. साठ वर्षांनंतर आमचं भांडण सेंटिमीटरशीच आहे.

दुपारी २. डबा खाताना नंदुरबारहून आईचा फोन. मिरची पथारीवर पसरलेली आणि आभाळ भरून आलेलं.

“ताडपत्री टाकली का?”

“टाकली रे. तुझं काम बंद पडलं असेल आज, एवढे ढग?”

मी म्हटलं, आमच्या लहरींना ढग आडवे येत नाहीत. आम्हाला छळणारं आभाळ तीनशे किलोमीटर वर असतं, तिथे पाऊस नसतो. तिला ते पटलं नाही. मिरची भिजली तर काळी पडते, यापुढे तिला कशाचीच भीती मोठी वाटत नाही.

४. ऊन तापलं. फायबरमधून येणाऱ्या सिग्नलचा उशीर एका किलोमीटरला, एका अंश सेल्सिअसला साधारण ४० पिकोसेकंदांनी बदलतो. पंधरा किलोमीटर फायबर एका अंशाने गरम झाली तर ६०० पिकोसेकंद. ६०० मेगाहर्ट्झला हे सुमारे १३० अंश! म्हणून फायबर जमिनीखाली पुरतात, मातीला दिवसाचं ऊन उशिरा आणि थोडंच कळतं. उरलेलं सरकणं हळू असतं, ते मोजून वजा करता येतं. इथे फेज ‘बरोबर’ असायची गरजच नाही. तिसांच्या तीस फेज पाहिजे तितक्या वाकड्या असू देत, पण दोन कॅलिब्रेटरांच्या मध्ये त्यांनी उडी मारू नये. सावकाश सरकणारी अँटेना चालते, मध्येच उडणारी नाही.

संध्याकाळी ६:३५. ३सी४८ हा दुसरा कॅलिब्रेटर डोक्याजवळ. केबल बदललेल्या मार्गाची फेज सकाळपेक्षा ११ अंशांनी वेगळी, पण सपाट. ११ अंश म्हणजे सव्वा सेंटिमीटरच्या आत. नोंद केली.

८. सूर्यास्तानंतर ते तीनशे किलोमीटर वरचं आभाळ, म्हणजे आयनोस्फिअर, खवळतं, खालच्या पट्ट्यात फेज थरथरायला लागते. आता लांबच्या भुजांचे आलेख वळवळतात, चौकातले शांत. सगळ्या लांबच्या अँटेना एकदम हलल्या तर आकाश, एकटी हलली तर आपली तार. आज सगळ्या हलल्या.

रात्रपाळीचा मुलगा आला. त्याला एलओची सेटिंग दाखवली आणि वहीतली ओळही: एलओ तयार करणारा सिंथेसायझर बंद-चालू करू नये. पुन्हा लॉक होईपर्यंत फेज कुठेही भरकटू शकते आणि तेवढं निरीक्षण वाया जातं.

“आणि अडकलाच तर?”

“तर आधी निरीक्षण थांबव, मग बंद-चालू कर, मग कॅलिब्रेटर घे. पावणेअकराला ३सी१४७ वर येतोच आहे.”