ओळखीचा अर्थ, नवा शब्द



दहावीची परीक्षा झाली की तुमच्यापैकी पुष्कळ जण विज्ञान शाखेकडे जातील. तेथे पुस्तक इंग्रजी, प्रश्न इंग्रजी आणि उत्तरही इंग्रजीतच लिहायचे. आज जी गोष्ट तुम्ही उर्दूत भरभर सांगता आणि मराठीतही समजावून देता, तीच सांगताना तेथे तोंडात शब्द येत नाही. मग मुले काय करतात? वहीत दोन रकाने पाडतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ. रात्री जागून पन्नास शब्द पाठ करतात. आठ दिवसांनी विचारले, तर त्यांतले दहासुद्धा आठवत नाहीत.

यात मुलांच्या बुद्धीचा दोष नाही. शब्दाला मनात राहण्यासाठी जागा लागते. जो अर्थ आपल्या मनात आधीच वसलेला आहे, त्याच्या शेजारी नवा शब्द बसवला की तो हलत नाही. असे अर्थ आपल्या मनात कोठून आलेले असतात? घरातून, शेतातून आणि लहानपणी ऐकलेल्या धर्माच्या शिकवणुकीतून. म्हणून मी तुम्हांला एक वेगळे पुस्तक सुचवणार आहे.

त्याआधी मनातली भीती काढून टाकू या. इंग्रजी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आपल्या पांढरकवड्याच्या चारही बाजूंना कापूस पिकतो. कापसाला इंग्रजीत कॉटन म्हणतात. हा शब्द अरबीतल्या कुत्न या शब्दापासून आला. पावसाळी वाऱ्यांना मान्सून म्हणतात, त्याचे मूळ अरबी मौसिम, म्हणजे तुमचा रोजचा मौसम. टिपेश्वरच्या जंगलात पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या गाड्यांवर सफारी असे लिहिलेले तुम्ही वाचले असेल. आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेने अरबीतून सफर हा शब्द घेतला आणि तेथून तो सफारी होऊन इंग्रजीत गेला. म्हणजे आपल्या गावातच इंग्रजीचे तीन शब्द ओळखीचे निघाले.

आता त्या पुस्तकाकडे वळू. खरे म्हणजे ते पुस्तक नाही, थोड्या पानांचे एक निवेदन आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये तुर्कस्तानातील इस्तंबूल शहरी निरनिराळ्या देशांतील मुस्लिम विद्वान एकत्र जमले. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ऋतू बदलत आहेत, याविषयी इस्लामची शिकवण काय सांगते ते त्यांनी लिहून काढले. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिस येथे हवामानाविषयी जगातील देशांची मोठी परिषद भरणार होती. तिच्या आधी हे निवेदन जगापुढे आले. ते कुरआन व हदीसच्या आधाराने माणसांनी लिहिलेले आहे, म्हणून त्याला धर्मग्रंथाचा दर्जा नाही. पण त्याची इंग्रजी भाषा भारदस्त आहे आणि त्यातील विचार तुम्ही मक्तबमध्ये ऐकलेले आहेत. विचार ओळखीचे आणि शब्द नवे, अशी ही चांगली सोय आहे.

त्यातील काही शब्द आपण उदाहरणादाखल पाहू.

पहिला शब्द स्ट्युअर्ड. माणूस हा पृथ्वीवर अल्लाहचा खलीफा आहे, असे तुम्ही शिकला आहात. या निवेदनात खलीफासाठी इंग्रजीत स्ट्युअर्ड हा शब्द योजला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घराचा राखणदार असा होता. राखणदार घराची देखभाल करतो. घर मात्र मालकाचे असते. उर्दूत याला आपण अमानत सांभाळणे म्हणतो. हाच अमानत शब्द मराठीत अनामत होऊन बँकेच्या कागदावर आपल्याला भेटतो. दुसऱ्याचे आहे, जपून ठेवायचे आहे आणि एक दिवस हिशेब द्यायचा आहे, हा सगळा अर्थ स्ट्युअर्ड या एका शब्दात भरलेला आहे. मात्र खलीफा या शब्दाचा संपूर्ण अर्थ त्यात मावतो असे समजू नका. भाषांतर हे पाण्याच्या घागरीसारखे असते. घागरीत पाणी येते, विहीर येत नाही.

दुसरा शब्द इक्विलिब्रियम. हा उच्चारायलाच कठीण! पण तो फोडून पाहा. लॅटिन भाषेत इक्वस म्हणजे समान आणि लिब्रा म्हणजे तराजू. दोन्ही पारडी समान असलेला तराजू, म्हणजे समतोल. आता कुरआनातील मीजान हा शब्द आठवा. त्याचाही मूळ अर्थ तराजूच. अल्लाहने आकाश उंच केले, मीजान ठेवला आणि माणसाने त्यात गडबड करू नये असे बजावले, हे सूरह रहमानमध्ये सांगितले आहे. अरबी आणि लॅटिन या दोन दूरच्या भाषा, पण सृष्टीचा विचार करताना दोघींच्याही हाती तराजूच आला. हे एकदा ध्यानात आले की इक्विलिब्रियम हा शब्द तुम्ही विसराल का?

तिसरा शब्द करप्शन. तुम्ही म्हणाल, हा तर आम्हांला येतो, करप्शन म्हणजे लाचलुचपत. पण निवेदनात जमीन आणि समुद्र यांत माजलेल्या करप्शनविषयी लिहिले आहे. समुद्राला कोण लाच देणार? येथे नीट थांबून विचार करायला हवा. मूळ अरबी शब्द फसाद असा आहे. आजच्या उर्दूत फसाद म्हटले की आपल्याला दंगाच आठवतो. पण कुरआनाच्या भाषेत त्याचा अर्थ मोठा आहे: बिघाड, नासाडी, नीट चाललेली गोष्ट विस्कटून जाणे. करप्शनचा अर्थही असाच मोठा होता. संगणकावरची फाईल करप्ट झाली असे आपण म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ पुन्हा डोके वर काढतो. बोलण्यात दोन्ही शब्दांचे अर्थ आखडले आहेत. या निवेदनात ते पुन्हा पूर्ण रुंदीने उभे राहतात. म्हणून ओळखीचा वाटणारा शब्दही वाक्यात नीट पारखून घ्यावा.

चौथी जोडी कन्झर्वेशन आणि प्रोटेक्टेड एरिया. कन्झर्वेशन म्हणजे जतन, आणि प्रोटेक्टेड एरिया म्हणजे राखलेला प्रदेश. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मक्का व मदिना यांच्या भोवतीचा प्रदेश हरम ठरवला. तेथील झाडे तोडण्यास आणि प्राण्यांची शिकार करण्यास मनाई केली. चराईची कुरणे राखण्यासाठी काही जागा हिमा म्हणून ठेवल्या. निवेदनात याचा उल्लेख आहे. आता आपल्या तालुक्यातील टिपेश्वर अभयारण्य पाहा. ते सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे. तेथे सागाची झाडे आहेत, वाघ आहेत, आणि शिकारीला मनाई आहे. जी कल्पना आपण धर्माच्या पुस्तकात वाचतो, तिच्यासारखीच एक गोष्ट आपल्या गावाजवळ उभी आहे. प्रोटेक्टेड एरिया हा शब्द पाठ करण्याऐवजी टिपेश्वरचे नाव त्याच्यापुढे लिहून ठेवा.

पाचवी जोडी फ्रुगल आणि ऑस्टेन्टेशन. पैगंबरांची राहणी साधी होती. ते थोडक्यात भागवत, फाटलेले दुरुस्त करून वापरत. अशा राहणीला फ्रुगल म्हणतात. फ्रुगल म्हणजे कंजूष नव्हे. कंजूष माणूस दुसऱ्याला देत नाही. फ्रुगल माणूस वाया घालवत नाही. वजू करताना, वाहत्या नदीच्या काठी असलात तरी, पाणी जास्त सांडू नका, ही शिकवण तुम्हांला ठाऊक आहे. आपल्याकडे मे महिन्यात विहिरींचा तळ दिसू लागतो, तेव्हा तिचे मोल अधिकच पटते. ऑस्टेन्टेशन म्हणजे दिखावा, थाटमाट. येथे एक सूचना करतो. मोठे इंग्रजी शब्द लोकांना दिपवण्यासाठी वापरू नका. तसे केले तर ऑस्टेन्टेशनचा अर्थ पाठ झाला, पण समजला नाही असे होईल!

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? परीक्षेतील गुणांसाठी तर आहेच. पण त्याहून मोठे एक कारण आपल्या गावाने पाहिले आहे. २०१८ साली पांढरकवड्याचे नाव जगभरच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत छापून आले. पांढरकवडा आणि राळेगाव या भागांतील तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका टी-१ या वाघिणीवर ठेवला होता. काही लोक तिला अवनी म्हणत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. शेतात एकट्याने जायला माणसे भीत होती, गुराखी जंगलाच्या कडेला थांबत होते. दुसरीकडे, वाघिणीला बेशुद्ध करून पकडावे, असे म्हणणारे लोक दूरच्या शहरांत होते. या साऱ्या वादाचे किती तरी लिखाण इंग्रजीत झाले. त्यात हॅबिटॅट म्हणजे प्राण्याचे राहण्याचे ठिकाण, कॉन्फ्लिक्ट म्हणजे संघर्ष, असे शब्द वारंवार येत होते. आपल्याच शेतांविषयी, आपल्याच जंगलाविषयी जग बोलत होते, आणि ते काय बोलते हे आपल्यापैकी किती जणांना वाचता येत होते? ज्याच्या घराची गोष्ट चालली आहे, त्यालाच ती कळू नये, ही चांगली स्थिती नाही. उद्या असा प्रसंग आला तर गुराख्याची भीती आणि वाघाचा हक्क, ही दोन्ही पारडी एका वेळी तोलून सांगणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्या गावातून पुढे आली पाहिजे. तिला मीजान ठाऊक हवा आणि इक्विलिब्रियमही लिहिता यावा.

अभ्यासाची रीत अगदी सोपी आहे. रोज एकच परिच्छेद घ्या. प्रथम मौलवीसाहेबांना किंवा घरातील वडीलधाऱ्यांना त्या विषयाची शिकवण विचारा. मग इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचा. नव्या शब्दाखाली रेघ ओढा; पण लगेच शब्दकोश उघडू नका. मागच्या-पुढच्या वाक्यांवरून अर्थाचा अंदाज करा आणि तो पेन्सिलीने लिहा. त्यानंतर शब्दकोशात पाहा. अंदाज बरोबर निघाला तर आनंद होईल, चुकला तर शब्द अधिक पक्का होईल. पुढे त्या शब्दाचे उर्दू आणि मराठी सोबती शोधा. शेवटी आपल्या गावाविषयी त्या शब्दाचे एक वाक्य स्वतः तयार करा. वाक्यात विहीर, पऱ्हाटी, नदी किंवा जंगल यांपैकी काही तरी असू द्या. रोज दोन शब्द असे शिकलात, तर शाळेच्या दोनशे दिवसांत चारशे शब्द होतील, आणि तेही न विसरणारे.

हा मार्ग एकाच धर्माच्या मुलांसाठी आहे असे मुळीच नाही. त्याच २०१५ सालच्या जून महिन्यात ख्रिस्ती धर्मगुरू पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या काळजीविषयी एक मोठे पत्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव लाउदातो सी. तेही इंग्रजीत मिळते. संत तुकारामांनीही झाडावेलींशी नाते सांगितले आहे आणि त्यांच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरे झालेली आहेत. तुमच्या शेजारच्या मित्राबरोबर पुस्तकांची अदलाबदल करा. तुम्ही त्याला स्ट्युअर्ड समजावून सांगा, तो तुम्हांला दुसरा एखादा शब्द समजावून सांगेल. दुसऱ्याला शिकवलेला शब्द आपल्याजवळ कायम राहतो.

एक शेवटचा शब्द घ्या, इकॉलॉजी. १८६६ साली एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने तो तयार केला. ग्रीक भाषेत ओइकोस म्हणजे घर. त्यावरून सजीवांच्या घराचे शास्त्र ते इकॉलॉजी. स्ट्युअर्ड म्हणजे घराचा राखणदार, हे आपण वर पाहिलेच. तेव्हा मुलांनो, ज्या घराची राखण आपल्याकडे सोपवलेली आहे, त्या घराची भाषा शिकायला आजच बसा. वही उघडा, आणि पहिले वाक्य पांढरकवड्याविषयीच लिहा.