दुसऱ्या बुंडेसलिगाचा गोलसम्राट

सिमोन टेरोडे याने जर्मन फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत १७७ गोल केले, आणि त्या श्रेणीच्या इतिहासात इतके गोल दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत. पहिल्या श्रेणीत मात्र त्याच्या गोलांची संख्या विसाच्याही आत राहिली. या तफावतीमुळे त्याच्या कारकिर्दीला अपुरी ठरवण्याची घाई अनेकांनी केली. ते मोजमाप अन्यायाचे आहे, हे जर्मन फुटबॉलची रचना पाहिल्यावर स्पष्ट होते.

जर्मनीत सर्वोच्च श्रेणीला बुंडेसलिगा आणि तिच्या खालच्या श्रेणीला दुसरी बुंडेसलिगा म्हणतात. दोन्हींत प्रत्येकी १८ संघ असून, हंगामाअखेर खालच्या श्रेणीतील पहिले दोन संघ थेट वर जातात, तर तिसऱ्या संघाला वरच्या श्रेणीत सोळाव्या स्थानी राहिलेल्या संघाशी दोन सामन्यांची लढत द्यावी लागते. वर जाणे म्हणजे दूरचित्रवाणी हक्कांच्या उत्पन्नातील मोठा वाटा मिळणे, म्हणून खात्रीने गोल करणाऱ्या खेळाडूला या श्रेणीत फार मोल असते.

१९८८ मध्ये बोखोल्ट येथे जन्मलेला टेरोडे कोलोनच्या संघात स्थिरावू शकला नाही. २०११ पासून उनियन बर्लिनने आणि २०१४ पासून बोखुमने त्याला घडवले. २०१५-१६ मध्ये बोखुमकडून २५ गोल करून तो श्रेणीत अव्वल ठरला. पुढच्याच हंगामात, नुकत्याच खाली घसरलेल्या श्टुटगार्टसाठी त्याने पुन्हा २५ गोल केले आणि तो संघ विजेता होऊन वर गेला. पण वर गेल्यावर गोल आटले. २०१८ च्या जानेवारीत तो कोलोनकडे परतला, तो संघ खाली आला, आणि २०१८-१९ मध्ये त्याच्या २९ गोलांच्या बळावर पुन्हा विजेता होऊन वर चढला. तिथे पुन्हा त्याला फारशी संधी मिळाली नाही.

याचे कारण खेळाच्या स्वरूपात शोधावे लागते. बढतीसाठी झगडणारा बलाढ्य संघ दुसऱ्या श्रेणीत बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर असतो, कडेने सतत चेंडू आत येतात, आणि तेव्हा योग्य क्षणी योग्य जागी असण्याची टेरोडेची अचूक समज निर्णायक ठरते. तोच संघ वर गेला की त्याला बचाव करावा लागतो, चेंडू क्वचित मिळतो, आणि आघाडीच्या खेळाडूकडून मोकळ्या मैदानात लांब धावण्याची अपेक्षा होते. टेरोडेचे कौशल्य तेच राहिले. ते वापरण्याच्या जागा कमी झाल्या.

हाम्बुर्गसाठी २०२०-२१ मध्ये २४ गोल करूनही संघ चौथाच राहिला. त्यानंतर टेरोडे शाल्केकडे गेला. सलग तीस वर्षे सर्वोच्च श्रेणीत राहिलेला हा क्लब २०२१ मध्ये खाली आला होता. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी इंगोलश्टाटविरुद्ध दोन गोल करून टेरोडेने डीटर शाट्सश्नायडरच्या १५३ गोलांच्या विक्रमाशी बरोबरी केली. ७ मे २०२२ रोजी सांक्ट पाउलीविरुद्ध ०-२ असे पिछाडीवर पडलेल्या शाल्केसाठी त्याने आधी पेनल्टीवर आणि नंतर आणखी एक असे दोन गोल करून बरोबरी साधली. सामना ३-२ असा जिंकून क्लबने बढती निश्चित केली. त्या हंगामातील त्याचे गोल ३० होते, आणि श्टुटगार्ट, कोलोन व शाल्के असे तीन संघ आता त्याच्या गोलांवर या श्रेणीचे विजेते झाले होते.

शाल्के वर्षभरातच पुन्हा खाली आला. टेरोडे त्याच्याबरोबर राहिला, तिसऱ्या श्रेणीत घसरण्याचे संकट टळेपर्यंत खेळला, आणि २०२४ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला.