वास येतो तो पोटातून नव्हे

तोंडाला वास येतो असं कुणी सांगितलं, की आपल्याकडचा माणूस आधी पोटाकडे बघतो. रात्री त्रिफळा चूर्ण सुरू होतं, सकाळी कोमट पाण्यात लिंबू, मग पित्त वाढलंय म्हणून गोळ्या. महिने जातात, पोट साफ होतं आणि वास तसाच राहतो. कारण अन्ननलिका काही सदा उघडी नसते. घास गिळताना आणि ढेकर देताना उघडते, एरवी मिटलेली असते. पोटातला वास श्वासावाटे दिवसभर येत राहणं त्यामुळे क्वचितच घडतं. हा त्रास कायमचा असलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणांत मूळ तोंडातच सापडतं, आणि बहुतेकदा दोन जागी: जिभेच्या मागच्या भागावर आणि हिरड्यांच्या कडेला.

जिभेचा शेंडा बोलता-खाताना टाळूला घासून आपोआप साफ होतो. मागचा भाग खडबडीत असतो. तिथे अन्नाचे बारीक कण, मेलेल्या पेशी आणि नाकामागून घशात उतरणारा शेंबूड यांचा पांढरट-पिवळसर थर साचतो. हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंना अशीच जागा लागते. ते या थरातली प्रथिनं कुजवतात आणि गंधकाचे वायू सुटतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, नासक्या कोबीसारखा येतो तो मिथाइल मरकॅप्टनचा.

या जिवाणूंना आवर घालते ती लाळ. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तोंड सतत धुतलं जातं. झोपेत ती जवळजवळ थांबते, म्हणून सकाळी उठल्यावर निरोगी माणसाच्याही तोंडाला वास असतो. दात घासून नाश्ता केला की तो जातो. त्याची काळजी करू नये. काळजी करायची ती दिवसाढवळ्या तोंड कोरडं पडत असेल तर. तोंडाने श्वास घेण्याची सवय, कमी पाणी पिणं, सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्यावरच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, ही त्याची नेहमीची कारणं. गोळ्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावं. कडक उपवासात चावणं थांबतं, लाळ घटते आणि शरीर चरबी जाळू लागलं की श्वासाला किटोनचा वेगळाच वास येतो. साबुदाण्याची खिचडी आणि रताळी खाऊन केलेल्या उपवासात सहसा एवढं होत नाही.

आता हिरड्या. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने जीभ फिरवून बघा. तिथे गुळगुळीत दाताऐवजी खरखरीत कड लागली, तर ते कीटण आहे. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात, लाळेतले क्षार दातांवरच्या चिकट थरात बसतात आणि तो थर दगडासारखा घट्ट होतो. मग ब्रश कितीही घासा, कीटण निघत नाही. त्याच्याखाली हिरडी सुजते, रक्त येतं, दात आणि हिरडी यांच्यात खोबणी पडते आणि जिभेवर राहणारे जिवाणू तिथेही घर करतात. दंतवैद्याकडून ते काढून घेणं हाच उपाय. पण मशीनने दात साफ केले की दात हलायला लागतात, ही समजूत गावात आहे तशी पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या घरांतही आहे. हलणारा दात आधीच मुळापासून सैल झालेला असतो; कीटणाने तो शेजारच्या दाताशी जखडून धरलेला असतो, एवढंच. कीटण निघालं की सैलपणा जाणवतो, सूज उतरल्यामुळे फटीही दिसू लागतात, आणि दोष साफसफाईवर येतो. या एका गैरसमजापायी लोक वर्षानुवर्षं दंतवैद्याकडे जायचं टाळतात आणि शेवटी दात काढायची वेळ येते. याचं मला फार वाईट वाटतं.

त्याहून वाईट वाटतं ते मिसरीचं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून बोटाने दातांना लावायची सवय महाराष्ट्रात असंख्य बायकांना आहे, आणि दात दुखतो म्हणून किंवा तोंड साफ वाटतं म्हणून ती लागते. तंबाखूने हिरड्या खराब होतात, वास वाढतो आणि कर्करोगाचा धोका येतो. दंतमंजनात तंबाखू घालायला भारत सरकारने 1992 मध्ये बंदी केली, पण मिसरी घरीच भाजली जाते. सुनेने सासूला हे सांगायचं धाडस केलंच पाहिजे.

लसणाची गोष्ट निराळी. ठेचा किंवा लसणाची चटणी खाल्ल्यावर वास ब्रशने जात नाही, कारण त्यातला एक गंधकयुक्त पदार्थ रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर पडत राहतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत दुधाने हा वास कमी होतो असं दिसलं. साय न काढलेलं दूध अधिक उपयोगी, आणि लसणाबरोबरच घेतलेलं नंतर घेतलेल्यापेक्षा बरं. दह्यानेही तसाच फायदा दिसला. बडीशेप, लवंग, वेलची चघळल्याने लाळ सुटते आणि वास तात्पुरता झाकला जातो.

माउथवॉशचं कामही बरंचसं एवढंच. लिस्टरिन 1879 मध्ये जंतुनाशक म्हणून निघालं. त्याचा खप वाढला तो 1920 च्या दशकात, जाहिरातींनी लोकांच्या मनात तोंडाच्या वासाची धास्ती बसवल्यावर. क्लोरहेक्सिडिनचं औषधी माउथवॉश दंतवैद्याने सांगितलं तेवढे दिवसच वापरावं. जास्त दिवस वापरलं तर दातांवर डाग पडतात आणि चव बिघडते.

रोजचं काम मात्र साधं आहे आणि त्यात खर्चही फारसा नाही. रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. आपल्या बहुसंख्य घरांत ते फक्त सकाळी घासले जातात. दातांच्या फटींतून फ्लॉसचा दोरा फिरवावा. जीभ घासायची तांब्या-पितळेची पट्टी पूर्वी घरोघर असायची, चरकसंहितेतही ती सांगितली आहे. ती जमेल तितकी मागे नेऊन हलक्या हाताने पुढे ओढावी. उमासा आला तर श्वास सोडत ओढावी. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी.

एवढं करूनही वास राहिला तर दंतवैद्यानंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. सायनसचा जुना त्रास किंवा टॉन्सिलच्या खाचांत साचणारे पांढरे खडे हे कारण असू शकतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर त्याने आत मणी किंवा चणा घातला असण्याची शक्यता मोठी. चिमट्याने घरी काढायला जाऊ नका, वस्तू आणखी आत सरकते. मधुमेह्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर तडक रुग्णालय गाठायला हवं. मूत्रपिंडं निकामी होत असतील तर अमोनियासारखा वास येतो.

आपला वास आपल्याला कळत नाही, कारण नाक त्याला सरावलेलं असतं. वापरलेला फ्लॉस किंवा जिभेच्या मागून चमच्याने खरवडलेला थर थोडा थांबून हुंगला, तर अंदाज येतो. सर्वांत खरं उत्तर घरचं माणूस देतं, म्हणून त्यालाच विचारावं. वास नसतानाही तो येतोय अशा धास्तीने लोकांत मिसळणं सोडलेली माणसंही असतात. घरच्यांनी आणि दंतवैद्याने वास नाही असं सांगूनही खात्री पटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. आणि दुसऱ्याला सांगायची वेळ आली, तर चारचौघांत सुचवू नका, बडीशेप पुढे करून खुणावू नका. एकटं गाठून म्हणा, ‘तुझ्या तोंडाला वास येतोय, हिरड्या दाखवून घे, मीही येतो सोबत.’