विद्यापीठाच्या छपराखाली
पुण्याचे मॅक्समुल्लर भवन जर्मन सरकारच्या मदतीवर चालते, पण स्वतंत्र जागेत. कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट मात्र बहुधा यजमान विद्यापीठाच्या आवारातच नांदते. मला वादाचे मूळ या पत्त्यात दिसते. २००४ साली सोलमध्ये पहिली संस्था उघडली. जागा विद्यापीठाची, शिक्षक, पुस्तके आणि बराचसा पैसा चीनचा. विद्यापीठांना हे सोयीचे वाटले. पण २०१४मध्ये पोर्तुगालमधील ब्रागा येथील चीन-अभ्यासकांच्या परिषदेत, ‘हानबान’ या चिनी सरकारी यंत्रणेच्या प्रमुख शू लिन यांच्या सांगण्यावरून, तैवानी प्रतिष्ठानाचा उल्लेख असलेली पाने कार्यक्रमपत्रिकेतून फाडली गेली. त्याच वर्षी शंभराहून अधिक प्राध्यापकांच्या आक्षेपानंतर शिकागो विद्यापीठाने कराराची बोलणी थांबवली. चिनी भाषा जरूर शिकावी. शिक्षक निवडण्याचा हक्क मात्र विद्यापीठाने सोडू नये.