मोटारीतील सुवाह्य जीपीएस दिशादर्शक : निवड, वापर व मर्यादा

प्रस्तावना

अनोळखी प्रदेशात मोटार नेताना चौकात गाडी थांबवून वाट विचारणे हा एकेकाळी महाराष्ट्रातील प्रवासाचा अविभाज्य भाग होता. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणाऱ्या जीपीएस यंत्रणेमुळे ही गरज बरीच कमी झाली. २००० नंतरच्या दशकात पुढील काचेला चिकटवता येणारी, लहान पडद्याची सुवाह्य दिशादर्शक यंत्रे प्रथम अमेरिका व युरोपात आणि त्यानंतर भारतातही मोटारींमध्ये दिसू लागली. ऑक्टोबर २००९ मध्ये गुगलने अमेरिकेत मोबाइलवरील मार्गदर्शन विनामूल्य उपलब्ध करून दिले आणि पुढील काळात स्वतंत्र यंत्राचे पुष्कळसे काम मोबाइलकडे गेले. साधन बदलले तरी त्यामागील तत्त्व आणि त्याच्या मर्यादा मात्र बदललेल्या नाहीत.

बहिःस्थ परीक्षक म्हणून ग्रामीण महाविद्यालयात जाणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी दत्तक गावी पोहोचणे, अभ्यास सहलीचा मार्ग ठरविणे अशा अनेक प्रसंगी प्राध्यापकवर्ग या साधनावर विसंबून असतो. त्यामुळे ते नेमके काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक ठरते. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी कळसूबाईकडे निघालेली एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. मोबाइलवरील नकाशाने दाखविलेल्या मार्गावरचा पूल धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे प्रवासी पोहून बाहेर आले. चालकाचा मृत्यू झाला. नकाशात दाखविलेला रस्ता कल्पित नव्हता. तो त्या जागी खरोखरच होता, परंतु त्या वेळी तो पाण्याखाली गेलेला होता.

दिशादर्शकावरील सर्वसामान्य विश्वास उपग्रहशास्त्राच्या अचूकतेवर आधारलेला असतो. धोका मात्र बहुतांशी नकाशातून उद्भवतो. प्रस्तुत लेखात हा भेद स्पष्ट करून त्या आधारे यंत्राची निवड व वापर यांचा विचार केला आहे.

स्थाननिश्चितीचे तत्त्व

जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण विभागाने १९७३ मध्ये हाती घेतलेली यंत्रणा होय. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून किमान २४ उपग्रह परिभ्रमण करीत राहतील, अशी तिची रचना आहे. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते आणि तो आपली वेळ व स्थिती रेडिओ लहरींद्वारे सतत प्रसारित करीत असतो. मोटारीतील यंत्र हे संदेश केवळ ग्रहण करते. उपग्रहाकडे ते काहीही पाठवीत नाही.

संदेश निघाल्याची व पोहोचल्याची वेळ यांतील फरकास प्रकाशाच्या वेगाने गुणले असता उपग्रहाचे अंतर मिळते. तीन उपग्रहांची अंतरे कळली की स्थान ठरविता यावे. परंतु यंत्रातील साधे घड्याळ अणुघड्याळाइतके अचूक नसते. एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणून घड्याळातील ही चूक शोधून काढण्यासाठी चौथ्या उपग्रहाची आवश्यकता असते.

सुरुवातीच्या काळात नागरी वापराच्या संदेशांत हेतुपुरस्सर चूक मिसळली जात असे आणि त्यामुळे स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे २००० मध्ये अमेरिकेने ही पद्धत बंद केली आणि रस्त्यावरील दिशादर्शन खऱ्या अर्थाने व्यवहार्य झाले. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइलही सुमारे ५ मीटरपर्यंत स्थान सांगू शकतो. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या यंत्रणांचे उपग्रहही आता उपलब्ध आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१३ पासून ‘नाविक’ या प्रादेशिक यंत्रणेचे उपग्रह सोडण्यास प्रारंभ केला.

स्थान आणि नकाशा : दोन स्वतंत्र बाबी

उपग्रहांकडून यंत्रास मिळते ती केवळ अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ यांची माहिती. त्या बिंदूवर रस्ता आहे की शेत, रस्ता एकेरी आहे की दुहेरी, पूल उभा आहे की वाहून गेला आहे, यांपैकी काहीही उपग्रहास ज्ञात नसते. ही सर्व माहिती नकाशातून येते आणि नकाशा ही कोणीतरी, कधीतरी केलेली नोंद असते. यंत्र आपले स्थान नकाशातील सर्वांत संभाव्य रस्त्यावर बसविते आणि त्यानुसार पुढील वळण सांगते. महामार्ग व त्याला लागून असलेला सर्व्हिस रोड, अथवा उड्डाणपूल व त्याखालचा रस्ता यांत यंत्राचा गोंधळ होतो तो यामुळेच. ५ मीटरची चूक तेथे एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर नेण्यास पुरेशी असते आणि उंचीचे मापन तर आडव्या स्थानापेक्षाही कमी अचूक असते.

नकाशा किती वेगाने जुना होतो, हे महाराष्ट्रातील अलीकडच्या बदलांवरून दिसून येते. ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. मुंबईतील अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. २०२२ च्या मध्यावर भरलेला नकाशा असलेल्या यंत्राच्या दृष्टीने यांपैकी एकही रस्ता अस्तित्वात नाही. त्यांवरून जाणारी मोटार ते शेतातून किंवा समुद्रातून जाताना दाखवील. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. पनवेलहून गोव्याकडे जाणारा १७ क्रमांकाचा महामार्ग ६६ क्रमांकाचा झाला. औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. जुन्या नकाशात नव्या नावाने शोध घेतल्यास गाव सापडत नाही.

निवडीचे निकष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. खरेदीच्या वेळी पडद्याचा आकार व बाह्य रूप यांकडे प्रथम लक्ष जाते. वस्तुतः पहिला प्रश्न नकाशाचा असावयास हवा.

१) नकाशा : यंत्रात भारताचा तपशीलवार नकाशा आहे काय, तो कोणत्या वर्षापर्यंतचा आहे आणि तो अद्ययावत करण्याची सोय व खर्च काय, याची चौकशी करावी. परदेशातून आणलेल्या यंत्रात बहुधा त्या देशाचाच नकाशा असतो. ‘आजीवन नकाशे’ या शब्दप्रयोगातील आयुष्य खरेदीदाराचे नसून यंत्राचे असते. उत्पादकाने त्या यंत्राचा आधार थांबविला की ते संपते. चाचणीसाठी आपल्या परिचयाचे, तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असलेले एखादे गाव यंत्रात शोधून पाहावे.

२) इंटरनेटविना चालण्याची क्षमता : जीपीएससाठी इंटरनेट लागते, हा समज चुकीचा आहे. मोबाइलला रेंज नसली तरी स्थान कळते. मिळत नाही तो नकाशा. स्वतंत्र यंत्रात नकाशा आधीच साठविलेला असतो, हा त्याचा मोठा गुण होय. मोबाइल वापरणाऱ्याने त्या प्रदेशाचा नकाशा घरीच उतरवून घेतल्यास हाच लाभ मिळतो. उलट वाहतूक कोंडी, बंद रस्ते यांची ताजी माहिती मात्र इंटरनेटमुळेच येते. सह्याद्रीतील घाटांतून जाणाऱ्यास दोन्ही सोयी हव्यात.

३) उपग्रह ग्रहणक्षमता : दोन्ही बाजूंस उंच कडे असलेल्या घाटात आकाशाचा लहानसा पट्टाच दिसतो आणि लहरी कड्यांवर आपटून उशिरा पोहोचतात. अशा ठिकाणी अनेक यंत्रणांचे उपग्रह वापरणारा रिसीव्हर अधिक भरवशाचा ठरतो. काही मोटारींच्या काचांवर उष्णता रोखण्यासाठी धातूचा पातळ थर असतो. त्यामुळेही लहरी क्षीण होतात.

४) पडदा व आवाज : पडदा दुपारच्या उन्हात वाचता यावा आणि सूचना चालत्या गाडीत स्पष्ट ऐकू याव्यात. वळणाची सूचना पुरेशी आधी मिळते काय, हे पाहणे पडद्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचे आहे.

५) जुने यंत्र : जीपीएस संदेशात आठवड्यांची मोजणी ० ते १०२३ अशी होते आणि त्यानंतर ती पुन्हा शून्यावर येते. अशी पुनरावृत्ती ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्ये झाली. पुढील २०३८ मध्ये होईल. ज्या जुन्या यंत्रांची आज्ञावली सुधारली गेली नाही, ती चुकीची तारीख दाखवू शकतात किंवा उपग्रह शोधण्यास फार वेळ घेतात. वापरलेले यंत्र घेताना त्यातील तारीख अवश्य तपासावी.

वापरातील दक्षता

प्रवासाची पूर्वतयारी गाडी सुरू करण्यापूर्वी व्हावी. उपग्रहाची स्वतःच्या कक्षेविषयीची माहिती ३० सेकंदांच्या चक्राने येते, तर सर्व उपग्रहांची स्थूल माहिती पूर्ण होण्यास साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून बरेच दिवस बंद असलेले स्वतंत्र यंत्र मोकळ्या जागी, गाडी उभी असतानाच सुरू करावे. मोबाइलला ही माहिती नेटवर्कवरून मिळत असल्याने तो लवकर स्थान दाखवितो.

गंतव्यस्थान नोंदविताना गावाबरोबर तालुका व जिल्हा तपासणे आवश्यक आहे. पिंपळगाव, वडगाव या नावांची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत आणि यंत्र त्यांपैकी कोणतेही निवडू शकते. अक्षांश-रेखांश भरताना पद्धतीकडे लक्ष द्यावे. १८ अंश ५० मिनिटे आणि १८.५० अंश हे समान नाहीत; १८.५० अंश म्हणजे १८ अंश ३० मिनिटे. उरलेल्या २० मिनिटांच्या फरकाने मोटार सुमारे ३७ किलोमीटर दूर जाईल.

मार्गाचे पर्याय ठरविताना ‘सर्वांत कमी अंतर’ हा पर्याय शक्यतो टाळावा, कारण यंत्र काही किलोमीटर वाचविण्यासाठी शिवारातील अरुंद वाट सुचवू शकते. संपूर्ण मार्ग एकदा नकाशावर नजरेखालून घालावा आणि त्यातील घाट, नद्या, धरणे व खाड्या लक्षात घ्याव्यात. कोकणात दाभोळ-धोपावे येथे वाशिष्ठीची खाडी ओलांडण्यासाठी मोटारी नेणारी फेरीबोट आहे. यंत्राने तो मार्ग दिल्यास फेरीच्या वेळा स्वतंत्रपणे विचारून घ्याव्या लागतात. अन्यथा धक्क्यावरून परत फिरून चिपळूणमार्गे मोठा वळसा पडतो. पावसाळ्यात दरड कोसळून बंद झालेला घाट किंवा पाण्याखाली गेलेला पूल यांची नोंद नकाशात वेळेवर होईलच, असे नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालविताना हाती धरावयाच्या संपर्कसाधनाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. यंत्र समोरील दृष्टी अडणार नाही व एअरबॅगच्या मार्गात येणार नाही अशा ठिकाणी बसवावे. पत्ता बदलावयाचा असल्यास गाडी कडेला उभी करावी किंवा ते काम सहप्रवाशाकडे द्यावे. बोगद्यात उपग्रहांच्या लहरी पोहोचत नाहीत; तेथे दिसणारे स्थान अंदाजाचे असू शकते. त्यामुळे बोगद्यानंतर लगेच वळण असल्यास रस्त्यावरील फलकावर विसंबावे.

यंत्राची सूचना आणि डोळ्यांसमोरील वस्तुस्थिती यांत विसंगती दिसल्यास वस्तुस्थितीच ग्राह्य धरावी, हा सर्वांत महत्त्वाचा नियम होय. डांबरी रस्ता संपून कच्ची वाट लागली, बराच वेळ समोरून एकही वाहन आले नाही, रस्त्यावर पाणी दिसले, तर गाडी थांबवावी. रात्री पाण्याची खोली गाडीतून समजत नाही. अशा वेळी मागे फिरण्यात जाणारा अर्धा तास हा प्रवासातील सर्वांत किफायतशीर खर्च ठरतो.

समारोप

सुवाह्य दिशादर्शक हे अत्यंत उपयुक्त साधन आहे, यात शंका नाही. मात्र त्याच्या दोन अंगांची विश्वासार्हता समान नाही. मोटार कोठे आहे, हे ते मोकळ्या आकाशाखाली काही मीटरच्या अचूकतेने सांगते. पुढील रस्ता कसा आहे, हे मात्र ते नकाशाकाराने जेव्हा नोंद केली त्या दिवसापुरतेच सांगू शकते. म्हणून निवड करताना नकाशाची ताजी स्थिती व अद्ययावत करण्याची सोय यांस अग्रक्रम द्यावा आणि वापरताना मार्गाची पूर्वकल्पना घेऊनच निघावे. अनोळखी भागात, विशेषतः पावसाळ्यात व रात्री, गावातील माणसाला वाट विचारण्याची जुनी पद्धत आजही कालबाह्य झालेली नाही. पूल पाण्याखाली आहे, हे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहास ठाऊक नसते. त्या गावातील माणसास ते ठाऊक असते.