जुनी भीती, नवी दिशा : हॅलोविनच्या रात्री तरुण जुन्या भयपटांकडे का वळतात?

रायपूरमधील समता कॉलनी आणि तिच्या शेजारची चौबे कॉलनी या परिसराशी मराठी कुटुंबांचा जुना ऋणानुबंध आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यालय चौबे कॉलनीत आहे, तर दिव्यांग मुलींसाठी मंडळ चालवत असलेले विकासगृह समता कॉलनीत आहे. या शहरात ऑक्टोबरचा शेवटचा दिवस आणि नोव्हेंबरचा पहिला दिवस यांना आता वेगळाच शेजार लाभला आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशाचे विभाजन होऊन छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. त्यामुळे १ नोव्हेंबर हा येथे राज्योत्सवाचा दिवस असतो. त्याच्या आदल्या रात्री, ३१ ऑक्टोबरला, पाश्चात्त्य जगात 'हॅलोविन' साजरा होतो. राज्याबरोबर जन्मलेली पिढी २०२५ साली पंचवीस वर्षांची झाली. शिक्षण संपत आलेले, नोकरी निश्चित नाही आणि पुढे कोठे जायचे हे ठरलेले नाही, अशा उंबरठ्यावर या पिढीतील अनेक जण उभे आहेत.

हॅलोविन हा काही येथील सण नव्हे. मात्र दूरचित्रवाणी, मोबाइल आणि चित्रपटांच्या ऑनलाइन सेवा यांच्यामार्फत तो भारतीय घरांत पोहोचला आहे. त्या निमित्ताने अनेक तरुण नव्या भयपटांऐवजी लहानपणी पाहिलेलेच भयपट पुन्हा पाहतात. ज्यांना स्वतःच्या भविष्याची चिंता आहे, त्यांनी करमणुकीसाठी भीतीच का निवडावी आणि तीही जुनी, ओळखीची का निवडावी? हे केवळ मन रमवणे आहे, की त्यातून आयुष्याला काही दिशाही मिळू शकते?

हॅलोविन आणि पडदा

हॅलोविनचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्ट लोकांच्या 'सावेन' या सणात असल्याचे मानले जाते. सुगी संपून हिवाळा सुरू होताना जिवंत आणि मृत यांच्यातील सीमा पुसट होते, अशी त्यामागची समजूत होती. पुढे ख्रिस्ती पंचांगातील १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाशी या रात्रीची सांगड घातली गेली. एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हा सण अमेरिकेत गेला आणि तेथे कोरलेल्या सलगमाच्या दिव्याची जागा भोपळ्याने घेतली. पितरांचे स्मरण, शेतीच्या हंगामाचा शेवट आणि अंधाऱ्या रात्री लावलेले दिवे या गोष्टी सर्वपित्री अमावास्या व दिवाळी साजरी करणाऱ्या समाजाला फारशा परक्या वाटू नयेत. २०२४ साली तर नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान ३१ ऑक्टोबरलाच आले होते.

विसाव्या शतकात या सणाला पडद्याची जोड मिळाली. 'होकस पोकस' हा तीन चेटकिणींवरील अमेरिकी चित्रपट जुलै १९९३ मध्ये चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याला माफक प्रतिसाद मिळाला होता. पुढे दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तो दूरचित्रवाणीवर दाखवला जाऊ लागला आणि त्या प्रक्षेपणांमुळेच तो एका पिढीच्या बालपणाचा भाग बनला. २०२२ साली त्याचा पुढचा भाग आला, तेव्हा मूळ चित्रपट लहानपणी पाहिलेले प्रेक्षक प्रौढ झाले होते.

१९९३ : एक योगायोग

मराठी व हिंदी प्रेक्षकांच्या भयस्मृतींतही १९९३ या वर्षाला महत्त्वाचे स्थान आहे. त्यापूर्वी १९८५ साली दूरदर्शनवरील 'विक्रम और बेताल' या मालिकेने पाठीवरचा वेताळ घराघरांत आणला होता. १९९३ मध्ये रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला, तर १९९५ मध्ये सोनी वाहिनीवर 'आहट' आली. याच १९९३ मध्ये महेश कोठारे दिग्दर्शित 'झपाटलेला' प्रदर्शित झाला. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, हे त्याचे कथासूत्र. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला, लक्ष्मीकांत बेर्डे यांचा विनोद आणि दिलीप प्रभावळकर यांचा तात्या विंचू यांमुळे भय आणि हसू एकाच वेळी अनुभवता येते, हे मराठी मुलांना कळले.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी अशा चित्रपटांना आणखी एक अर्थ असतो. शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, रस्त्यावर हिंदी व छत्तीसगढी आणि घरात मराठी, अशा वातावरणात आई-वडिलांसोबत पाहिलेला मराठी चित्रपट हा घरच्या भाषेचाही ठेवा असतो. तो पुन्हा पाहताना भीतीइतकीच ती बैठक, ते आवाज आणि ती माणसे आठवतात.

परत पाहण्यामागचे कारण

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली 'उदयोन्मुख प्रौढत्व' ही संकल्पना मांडली. साधारण १८ ते २५ या वयात व्यक्ती किशोरही नसते आणि पूर्ण प्रौढही नसते. शिक्षण, काम, निवास आणि नाती यांत ती निरनिराळे पर्याय चाचपडत असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. औद्योगिक समाजांत विवाह आणि स्थिर नोकरी यांचे वय पुढे गेल्याने हा काळ ठळक झाला. त्यात स्वातंत्र्य असते, तशीच अस्थिरताही असते. भारतात कुटुंबाचा आधार आणि कुटुंबाची अपेक्षा या दोन्ही गोष्टी अधिक दाट असल्याने ही अस्थिरता वेगळ्या रूपात जाणवते. स्पर्धा परीक्षेचा आणखी एक प्रयत्न करावा की मिळेल ती नोकरी धरावी, रायपूरमध्येच राहावे की पुणे वा बेंगळुरू गाठावे, असे प्रश्न घरातील प्रत्येक जेवणात डोकावत असतात.

अशा काळात स्मरणरंजनाचा आधार घेणे स्वाभाविक आहे. १६८८ साली योहान्नेस होफर या वैद्यकाच्या अभ्यासकाने परमुलखातील स्विस लोकांच्या घरओढीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले, तेव्हा तो रोग समजला जात असे. आजचे संशोधन मात्र त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहते. साउदॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टंटिन सेडिकिडीस, टिम विल्डशुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांनुसार एकाकीपणात माणूस जुन्या आठवणींकडे वळतो आणि त्या आठवणी त्याला इतरांशी जोडलेपणाची जाणीव परत मिळवून देतात.

भयाचे आकर्षण ही याच चित्राची दुसरी बाजू आहे. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठातील माथियास क्लासेन आणि त्यांचे सहकारी करमणुकीतील भीतीचा अभ्यास करतात. त्यांचा सहभाग असलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भयपटांच्या चाहत्यांना करोना साथीच्या सुरुवातीच्या काळात तुलनेने कमी मानसिक त्रास जाणवल्याचे आढळले. भयपटांमुळेच हे घडले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण सुरक्षित जागी बसून घाबरण्याचा सराव मनाला उपयोगी पडत असावा, या तर्काला त्यातून बळ मिळते. भारतीय परंपरेला हा विचार नवा नाही. नाट्यशास्त्राने भयानक हा एक रस मानला आहे. रंगमंचावरील भय प्रेक्षकाला आस्वाद देते; अरण्यातील वाघ देत नाही.

या दोन्ही बाजू एकत्र केल्या की जुन्या भयपटाचे रहस्य उलगडते. त्यात भीती असते, पण तिचा शेवट ठाऊक असतो. बाहुला केव्हा डोळे उघडणार आणि अखेरीस त्याचे काय होणार, हे आधीच माहीत असते. ज्याला स्वतःच्या आयुष्यातील पुढचे दृश्य दिसत नाही, त्याला शेवट माहीत असलेली भीती विसावा देते. मात्र विसावा म्हणजे दिशा नव्हे. तीच फीत दहाव्यांदा पाहून नोकरी मिळत नाही आणि मनाचा कलही उमगत नाही. दिशा मिळते ती प्रेक्षक आपला प्रश्न बदलतो तेव्हा. 'पुन्हा भीती वाटेल का?' याऐवजी 'ही गोष्ट माझ्या मनात इतकी वर्षे का राहिली?' असे विचारू लागला, की पाहणे हळूहळू कामाकडे वळू शकते.

नागझिऱ्यातील गोष्ट

याचे ठळक उदाहरण रायपूरपासून फार दूर नसलेल्या भूमीशी निगडित आहे. रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गोंदिया लागते आणि त्याच परिसरात नागझिरा अभयारण्य आहे. १९९३ साली तेथील सहलीत राही अनिल बर्वे यांना एका मित्राने नारायण धारप यांची एक भयकथा ऐकवली. धारप (१९२५–२००८) हे मराठी भयसाहित्यातील अग्रगण्य नाव. ऐकलेल्या त्या गोष्टीने बर्वे यांच्या मनाचा ठाव घेतला. १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी एका पटकथेचा पहिला मसुदा लिहिला. तोच पुढे 'तुंबाड' झाला. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचले.

मसुदा आणि चित्रपट यांच्यामध्ये दोन दशकांचे अंतर पडले. बर्वे यांनी सुमारे ७०० पानांची दृश्यचित्रे रेखाटली. निर्माते आले आणि माघारी गेले. २०१२ साली चित्रीकरण झाले, तरी समाधान न झाल्याने २०१५ मध्ये काही भाग पुन्हा चित्रित करण्यात आला. २०१८ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ 'तुंबाड'ने झाला आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिसंयोजन यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. २०१८ मध्ये शाळा-महाविद्यालयात असलेल्यांच्या दृष्टीने तोही आता आठवणीतला भयपट झाला आहे.

या चित्रपटाचा विषयही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. १९१८ ते १९४७ या काळात घडणाऱ्या या कथेत विनायकराव लहानपणीच्या भीतीच्या जागी परततो, पण केवळ सोन्याच्या लोभाने. आणि तोच मार्ग आपल्या मुलालाही शिकवतो. शेवटी मुलगा तो वारसा नाकारतो. बालपणीच्या भयस्थानाकडे परतणे हे स्वतः चांगलेही नसते आणि वाईटही नसते; तेथून काय घेऊन निघायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

चेटकिणीपासून तात्या विंचूपर्यंत

बर्वे यांच्यासारखा एकाच ध्यासाचा मार्ग सर्वांना परवडणारा नसतो. रत्नाकर मतकरी यांचे जीवन याबाबत अधिक व्यवहार्य उदाहरण ठरते. १९५५ साली, सतरा वर्षांचेही नसताना, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून सादर झाली. लेखन असे लवकर सुरू झाले, तरी ते सुमारे वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते. गूढकथा, नाटके आणि बालनाट्ये त्यांनी नोकरी सांभाळून लिहिली आणि १९७८ नंतर ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. दिशा सापडणे म्हणजे दुसऱ्या दिवशी राजीनामा देणे नव्हे, हे त्यांच्या वाटचालीतून दिसते. १७ मे २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

मतकरी यांच्याच 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात दिलीप प्रभावळकर यांनी चेटकीण साकारली होती. मुलांना घाबरवता घाबरवता हसवण्याची ती हातोटी पुढे तात्या विंचूपर्यंत पोहोचली. २०१८ साली हे नाटक चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली नव्याने रंगमंचावर आले, तेव्हा चेटकिणीच्या भूमिकेत वैभव मांगले होते.

खेळातील भीती आणि खरी भीती

छत्तीसगडच्या संदर्भात या चर्चेला एक गंभीर बाजूही आहे. पडद्यावरील चेटकीण दिवे लागताच नाहीशी होते; गावात 'टोनही' ठरवलेल्या स्त्रीच्या बाबतीत तसे होत नाही. आजारपण, जनावरांचा मृत्यू किंवा पीक बुडणे यांचा दोष एखाद्या स्त्रीच्या माथी मारून तिचा छळ करण्याचे प्रकार रोखण्यासाठी राज्याने २००५ साली टोनही छळ प्रतिबंधक कायदा केला. एखाद्या व्यक्तीस टोनही ठरवल्यास तीन वर्षांपर्यंत, तर त्यावरून तिचा छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला.

रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यात दीर्घकाळ असून, कोणतीही स्त्री टोनही नसते हा त्यांच्या मोहिमेचा संदेश आहे. महाराष्ट्रात जी दीप अमावास्या, तीच छत्तीसगडमध्ये हरेली. त्या रात्रीविषयी ग्रामीण भागात अनेक भीतिदायक समजुती प्रचलित आहेत. अशा रात्री गावोगावी जाऊन लोकांशी बोलणे हेही भीतीला सामोरे जाण्याचेच काम आहे. भीती कशी तयार होते, हे ज्याला पडद्यावर पाहून कळले आहे, त्याने ती समाजात तयार होताना ओळखावी, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

त्यामुळे पंचविशीतील मुलगा किंवा मुलगी ३१ ऑक्टोबरच्या रात्री जुना भयपट लावून बसली, तर घरच्यांनी तो लगेच वेळेचा अपव्यय मानण्याचे कारण नाही. त्या दोन-तीन तासांत थकलेल्या मनाला विसावा मिळतो. कदाचित त्यातूनच कोणाला ध्वनी, कोणाला लेखन, कोणाला अभिनय, तर कोणाला मानसशास्त्र किंवा समाजकार्य खुणावेल. मात्र ती खूण ओळखून दुसऱ्या दिवशी पहिले पान लिहावे लागते, अर्ज भरावा लागतो किंवा एखाद्या जाणकाराचे दार ठोठवावे लागते. नागझिऱ्यात ऐकलेली गोष्ट पडद्यावर येण्यास पंचवीस वर्षे लागली. पण तिचा पहिला मसुदा चार वर्षांतच लिहून झाला होता.