खरेदीखतात गट नंबर चुकलाय? पेनानं खाडाखोड करू नका

सातारा/सांगली : खरेदीखत झालं, पैसे दिले, की विषय संपला असं आपण धरतो. मग कर्जासाठी किंवा वाटणीसाठी कागद बाहेर निघतात आणि कळतं, की गट नंबरचे आकडे उलटे पडलेत किंवा 0.40 हेक्टरचं 0.04 झालंय.

आधी चूक कुठं आहे ते बघा

मूळ दस्त, सूची क्रमांक दोन आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवा. दस्त बरोबर आणि फक्त सूचीत चूक असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज द्या. सातबारावर लिहिताना चुकलं असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. या दोन्हींसाठी नवा दस्त लागत नाही.

वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर भागातल्या जुन्या कागदांवर 'जिल्हा सातारा' किंवा 'दक्षिण सातारा' दिसलं तर घाबरू नका. ती चूक नव्हे. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.

चूक दस्तातच असेल तर

एकदा नोंदलेला मजकूर दुय्यम निबंधकांनाही बदलता येत नाही. त्यासाठी 'चूक दुरुस्ती दस्त' करायचा. त्यात मूळ दस्ताचा क्रमांक, तारीख, चुकीचा मजकूर आणि बरोबर मजकूर स्पष्ट लिहायचा. मूळ दस्तावर सही केलेले देणारे-घेणारे सगळे हजर पाहिजेत. मूळ दस्त, सातबारा, ओळखपत्रं आणि साक्षीदार घेऊन जा. नोंदणी झाल्यावर गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तलाठ्यांकडे, फेरफारासाठी अर्ज द्यायला विसरू नका.

दुरुस्तीच्या नावाखाली जास्तीची जमीन किंवा दुसराच गट घालता येत नाही. तो नवा व्यवहार ठरतो आणि त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

उशीर महागात पडतो

विकणारा हयात असेल तर काम एका सहीचं असतं. तो वारला की सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. त्यातले निम्मे मुंबई-पुण्याला, आणि एखादा "जमिनीचा भाव वाढलाय, आधी माझं बघा" म्हणणारा. कुणी सही नाकारली, तर विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 26 खाली दिवाणी न्यायालयात जाता येतं. पण तिथं चूक दोन्ही बाजूंची होती किंवा फसवणूक झाली, हे सिद्ध करावं लागतं. दाव्याला मुदतही असते, म्हणून चूक कळताच वकिलाला भेटा.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती सहीच्या आधीची. टाइप झालेला मसुदा घरी आणा, ताज्या सातबाराशी आकडा आकडा ताडून बघा आणि मगच अंगठा द्या.